पावसाळा आला की पेटणारा एबीएसचा दिवा: जुन्या फोर बाय फोरमधला दोष कसा सापडला

जुलैत पहिल्या जोराच्या पावसात कोल्हापूरहून गगनबावड्याकडं गाडी घातली की डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटायचा. दिवाळीच्या आसपास आपोआप विझायचा. २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन पावसाळे हे चाललं. या काळात पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर दोनदा बदलून झाला, एकदा 'मॉड्यूल (एबीएस चालवणारा संगणक-पंपाचा डबा) गेलंय' असं निदान झालं आणि एकदा फ्यूजच काढून टाकायचा सल्ला मिळाला. दोष शेवटी निघाला तो दीड वीत लांबीच्या एका वायरमध्ये. आणि त्याच्याआड एक दुसरा दोष दडून बसला होता, जो दिवा पेटवतच नव्हता. माझ्या मते तो दुसरा जास्त धोक्याचा.

गाडी २००८ सालची, डिझेल, लॅडर फ्रेमची, लागेल तेव्हाच फोर बाय फोर घालायची. पुढं डिस्क, मागं ड्रम, चारही चाकांना जुन्या पद्धतीचे दोन वायरींचे सेन्सर. आमचं थोडं भाताचं रान साळवणच्या पुढं आहे, त्यामुळं पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तांबड्या चिखलातून आणि ओढ्यातून जावं लागतं. अशीच जुनी गाडी ज्यांच्याकडं आहे आणि जे दर वर्षी तोच दिवा बघून गॅरेजच्या फेऱ्या मारतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दिवा कधी पेटतो हे आधी वहीत लिहा

मीटर, स्कॅनर नंतर. पहिल्यांदा आठ-दहा दिवस नुसतं बघा.

चावी फिरवली की एबीएसचा दिवा दोन ते चार सेकंद पेटून विझायला हवा. तो मॉड्यूलचा स्वतःचा तपास आहे. पेटलाच नाही तर खूश होऊ नका. बल्ब गेला असेल, नाहीतर आधीच्या मालकानं काढून ठेवला असेल. जुनी गाडी बघायला गेलो की मी आता बॉनेट उघडायच्या आधी हे बघतो. त्यानंतर गाडी निघून ताशी १०-२० किलोमीटरला पोचली की कित्येक गाड्यांत पुढून एकदाच 'टर्र' असा आवाज येतो. तो पंपाची मोटर तपासल्याचा आवाज. त्याला घाबरायचं कारण नाही.

आता दिवा राहिला तर तो कधी आला हे महत्त्वाचं. गाडी जागेवर असतानाच विझत नसेल, तर बहुतेक वेळा फ्यूज, रिले, अर्थ किंवा सरळ तुटलेली वायर. एवढं मॉड्यूलला गाडी न हलवताही कळतं. थोडं अंतर गेल्यावर पेटत असेल, तर चाकाकडून येणारा सिग्नल त्याला पटत नाहीये: सेन्सर आणि त्याच्यासमोर चाकासोबत फिरणारी दातांची रिंग यांच्यातला गॅप, रिंगचा तुटका दात, बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा), नाहीतर वेगळ्या मापाचा टायर. फक्त स्टार्टर मारताना पेटत असेल आणि बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, तर आधी बॅटरी बघा. व्होल्टेज फार खाली गेलं की मॉड्यूल काम सोडतं आणि दिवा लावतं.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही आला तर गाडी बाजूला घ्या. पिवळा एकटा असतो तेव्हा साधे ब्रेक चालू असतात. दोन्ही आले म्हणजे ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. घाटात तर अजिबात उतरायचं नाही.

माझ्या वहीतली नोंद अशी होती: पाऊस, चिखल, ओढा, मग अर्ध्या तासात दिवा. गाडी बंद करून चालू केली की विझतो, पुन्हा येतो. उन्हाळ्यात क्वचित, तेही पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापताना. ही उन्हाळ्याची ओळ मी दोन वर्षं गांभीर्यानं घेतली नव्हती. खरं उत्तर तिच्यातच होतं.

कोड काय सांगतो

शे-पाचशेला मिळणारे ब्लूटूथचे छोटे रीडर बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर वेगळा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आता अनेक वायरमनकडं तो असतो, त्यामुळं विकत घ्यायची गरज नाही. कोड पुसायच्या आधी लिहून घ्या किंवा फोटो काढा. बरेच जण आधी पुसतात आणि मग विचारतात, 'काय होता कोड?'

बऱ्याच गाड्यांत सी ००३५ म्हणजे डावं पुढचं चाक, सी ००४० उजवं पुढचं, सी ००४५ डावं मागचं आणि सी ००५० उजवं मागचं. जुन्या गाड्यांत कंपनीचे स्वतःचे कोड असतात, काहींत तर सॉकेटच्या दोन पिना जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागते. माझ्याकडं तीनही वर्षं डाव्या पुढच्या चाकाचाच कोड आला.

'डावा पुढचा सेन्सर' असं स्क्रीनवर आलं की सेन्सरच बदलायचा, हा सरसकट समज आहे. मीही त्याच समजापायी दोनदा खर्च केला. त्या कोडचा अर्थ इतकाच की त्या चाकाकडून मॉड्यूलपर्यंत नीट सिग्नल पोचला नाही. मधे रिंग आहे, गॅप आहे, बेअरिंग आहे, सेन्सर आहे, कपलर (वायरींची जोडणी) आहे, वायर आहे, पुन्हा कपलर आहे. सेन्सर हा त्यातला एक.

तो कसा चालतो हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. सेन्सरच्या टोकाशी चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. समोरून दातांची लोखंडी रिंग फिरते. दात, खाच, दात, खाच असं समोरून सरकलं की गुंडाळीत वीज तयार होते. सायकलचा डायनॅमो आठवा. हळू पायडल मारलं की दिवा मिणमिणता, जोरात मारलं की लख्ख. इथंही तसंच. चाक हळू फिरलं की सिग्नल बारीक, जोरात फिरलं की मोठा. १९७८ साली बॉशनं मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आजच्या धर्तीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं, तेव्हाही चाकाजवळ याच तत्त्वाचे सेन्सर होते. नंतरच्या गाड्यांत मॉड्यूलकडून वीज घेऊन चालणारे सेन्सर आले. त्यांनाही दोनच वायरी असतात, पण त्यांना ओहमवर मीटर लावून काही कळत नाही, उलट ते बिघडू शकतात. आपल्या गाडीत कुठले आहेत हे आधी माहीत करून घ्या.

मीटर कुठं लावायचा

इथं माझी तीन वर्षं गेली, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रत्येक गॅरेजमध्ये चाकाजवळचा कपलर सोडवून सेन्सरची रेझिस्टन्स बघितली गेली. या प्रकारच्या सेन्सरची रेझिस्टन्स साधारण एक ते दोन किलोओहम असते, गाडीप्रमाणं कमीजास्त. माझी १.३ आली. म्हणजे सेन्सर चांगला. तरी कोड येतोय म्हणून बदलला. नव्याचीही १.३ आली. कपलर ब्लोअरनं वाळवला, कोड पुसला, दिवा गेला. पाऊसही त्या आठवड्यात ओसरला होता. सगळ्यांनाच वाटलं, काम झालं.

तिसऱ्या वर्षी मॉड्यूल बदलायचा आकडा ऐकला आणि मी गाडी घरी आणली. सप्टेंबरमधल्या एका रविवारी डावीकडं जॅक लावला, चेसिसखाली घोडी ठेवली (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जाऊ नका), चाक काढलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडवली आणि मॉड्यूलचा मोठा कपलर काढला. वर्कशॉप मॅन्युअलमधून त्या चाकाच्या दोन पिना शोधल्या आणि मीटर तिथं, मॉड्यूलच्या टोकाला लावला. आता मीटर फक्त सेन्सर बघत नव्हता. बॉनेटखालच्या कपलरपासून चाकापर्यंतची सगळी वायर त्यात आली.

सरळ चाकाला १.३१. उजव्या बाजूला १.२८. फरक काही नाही. एक पिन आणि बॉडी यांच्यात मीटर लावला, काहीच आकडा नाही, म्हणजे वायर कुठं बॉडीला लागत नाही. इथवर सगळं ठीक होतं आणि मी जवळजवळ हात टेकले होते.

मग वहीतली पहिली ओळ आठवली. पाऊस आणि चिखल. घरात झाडांवर फवारायची बाटली होती. तिच्यात पाणी भरलं, चिमूटभर मीठ टाकलं, कारण रस्त्यावरचं पाणी काही शुद्ध नसतं, आणि चाकाच्या कमानीत वायरवर वरून खाली फवारत गेलो. पत्नीला मीटरकडं बघायला बसवलं होतं. सेन्सरवर पाणी, काही नाही. कपलरवर पाणी, काही नाही. शॉकअपच्या शेजारी वायर जिथं वळते तिथं पाणी पडलं आणि ती म्हणाली, "अहो, आकडा आला बघा." बॉडीशी ३५ किलोओहम. जिथं काहीच दिसायला नको तिथं. मीटर परत दोन पिनांना लावून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं कापलं. रेझिस्टन्स १.३ वरून १.९, मग उडायला लागली.

वायरवरची चिखलाची खपली ओल्या फडक्यानं पुसली. वरून काळं रबरी आवरण साबूत दिसत होतं. अंगठ्यानं वाकवलं तेव्हा वाकायच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढ्या तीन-चार चिरा उघडल्या. आवरण सोलल्यावर आत तांबं दिसलंच नाही. हिरवी-काळी पूड होती, आणि त्या पुडीतून पाच-सहा तारा कशाबशा धरून होत्या. बाकीच्या बोट लावल्यावर गळून पडल्या. कोरड्या हवेत तेवढ्या तारा पुरत होत्या. पाणी मुरलं की सिग्नल बॉडीत गळायचा.

ती वायर तिथंच का कुजली, तेही दिसलं. चेसिसवर एक क्लिप हवी होती, तिचं नुसतं भोक होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात शॉकअप बदलले तेव्हा क्लिप निघाली आणि परत बसली नाही. त्यामुळं वायर लोंबत राहिली, प्रत्येक वळणाला एकाच जागी मुडपत राहिली. पहिला दिवा त्याच वर्षी जुलैत आला होता. माझ्या गाडीत सेन्सरची स्वतःची वायर आखूड आहे, नकलजवळच (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाजवळच) संपते, वाकणारा भाग गाडीच्या वायरिंगचा. म्हणून सेन्सर कितीही बदलले तरी कुजकी वायर जागेवरच राहिली. तुमच्या गाडीत वाकणारा भाग सेन्सरसोबतच येत असेल, तर नवीन सेन्सरनं खरंच काम होतं. गाडीखाली वाकून हे आधी बघून घ्या.

मीटर लावताना वायरीत टाचणी टोचून बघायची सवय अनेक वायरमनना आहे. कृपया टोचू देऊ नका. त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी जातं आणि वर्षभरानं तिथंच हिरवं होतं. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजता येतं.

वायर जोडताना

जिथं वाकते तिथंच तोडून, सोल्डर मारून, टेप गुंडाळली तर ती सहा महिने टिकेल. सोल्डरनं तारा कडक होतात आणि सोल्डर जिथं संपतो तिथं तुटतात. मी नकलच्या कपलरपासून चेसिसवरच्या पक्क्या जागेपर्यंत पूर्ण तुकडा नवा घातला. बारीक तारांची, मऊ आवरणाची वायर घेतली. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळ्यासारख्या वळल्या, कारण मूळ वायरही तशीच होती. पीळ असला की अल्टरनेटर आणि बाकीच्या वायरींची ढवळाढवळ सिग्नलमध्ये कमी येते. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिल मशिनमध्ये धरलं की पीळ एकसारखा बसतो. जोड जिथं हलत नाही अशा जागी घेतला, आणि त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवली. साध्या ट्यूबमध्ये पाणी शिरतं. कपलरच्या रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावलं. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण कापून आणि चाक लोंबतं ठेवून वायर कुठं ताणत नाही ना, हे बघितलं आणि क्लिप बसवली.

ज्यांनी गाडी उंच करून घेतली आहे, त्यांनी ही वायर आवर्जून बघा. सस्पेन्शन दोन इंच वर गेलं तरी वायर तेवढीच राहते. ओढ्यात एक चाक लोंबलं की ती तारेसारखी ताणते.

दिवा न पेटता येणारा दोष

वायर झाली, फवारा मारून बघितलं, दिवा येत नव्हता. चार दिवसांनी ताराराणी चौकात सिग्नलला गाडी थांबत होती. कोरडा, सपाट रस्ता, पाय हलकाच ब्रेकवर. अगदी थांबता थांबता पायाखाली पेडल टरटरलं आणि गाडी हातभर पुढं सरकली. पुढच्या रिक्षाला लागता लागता राहिली. डॅशबोर्डवर काहीही नाही.

आता मागं बघितलं तर हे वर्षभर तरी होत असणार. मी ते 'ब्रेक जरा घासतायत' म्हणून सोडून दिलं होतं.

असं का होतं ते डायनॅमोवरूनच कळतं. माझ्या रिंगला ४८ दात आहेत, टायरचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वा फेरी घेतं, म्हणजे मॉड्यूलला सेकंदाला साठेक ठोके मिळायला हवेत. सेन्सर रिंगपासून लांब गेला असेल तर या वेगाला वीज इतकी बारीक होते की मॉड्यूलला ती दिसतच नाही. त्याच्या हिशेबानं तीन चाकं फिरतायत आणि एक अचानक थांबलं. म्हणजे चाक लॉक झालं. मग ते आपलं काम इमानानं करतं, त्या चाकाचा ब्रेक सैल सोडतं. वेगात सिग्नल पुरेसा मोठा असतो, गाडी थांबल्यावर तर चाक शून्यच असतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत कोडही साठत नाही.

हे शोधायला स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी बघावा लागतो. शेजारी मित्राला बसवलं, मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ला नेऊन गाडी गिअर काढून आपोआप थांबू दिली. २० ला चारही आकडे सारखे. १०, ९, ८ असे उतरत गेले. ८ ला उजवं पुढचं एकदम शून्य. बाकीची तीन ५, ४, ३ करत खाली आली. तीनदा केलं, तिन्ही वेळा उजवं पुढचं. कोडमध्ये या चाकाचं कधी नावही आलं नव्हतं.

उजवं चाक काढलं, सेन्सरचा बोल्ट सोडला. तो गंजानं धरला होता. अशा वेळी पान्यानं डोकं पिळू नका, प्लास्टिक तुटतं आणि दांडा आत राहतो. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी हलके डावी-उजवी करत बाहेर आला. टोकावर काळी, बारीक, उभी लव उगवल्यासारखी होती. नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवल्यावर चिकटतात तसे कण. काही डिस्कच्या घासण्याचे, काही आपल्या तांबड्या मातीतले. ते पुसले. पण मुख्य कारण ते नव्हतं. सेन्सर ज्या जागेवर टेकतो तिथं गंजाचा पापुद्रा फुगून आला होता आणि त्यानं सेन्सरला वर उचललं होतं. पितळी फिलर गेजनं गॅप बघितला (लोखंडी गेज चुंबकाला चिकटतो, अंदाज चुकतो), तर १.६ मिलिमीटर. डाव्या बाजूला ०.८. बहुतेक गाड्यांत हा गॅप अर्धा ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा.

चाक वर-खाली धरून हलवलं तर हातालाही प्ले लागला. बेअरिंग उघडल्यावर ग्रीस चॉकलेटी पाण्यासारखं झालेलं. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा फुलेवाडीकडच्या गल्लीत गाडी दोन दिवस हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंगच्या भागाच्या) वरपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन, गिअर आणि डिफरन्शिअलचं ऑइल बदललं, गालिचे वाळवले, सीट काढले. हब मात्र कुणीच उघडले नाहीत. पुरात उभ्या राहिलेल्या कोल्हापूर, सांगलीकडच्या कुठल्याही जुन्या गाडीचे हब एकदा उघडून बघावेत, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. बेअरिंगचा प्ले म्हणजे रिंग डुलते, आणि रिंग डुलली की प्रत्येक फेरीत गॅप बदलतो.

बेअरिंग आणि सील नवं घातलं, सेन्सरची बैठक पॉलिश पेपरनं स्वच्छ केली, रिंग हातानं फिरवून दातन् दात बघितला. रिंगला तडा असेल तर फेरीत एकदा सिग्नल चुकतो, तोही असाच त्रास देतो. गॅप ०.९ आला. मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही बाजूची चाकं हातानं सेकंदाला एक फेरी अशी फिरवली. आधी उजवीकडं डाव्याच्या निम्म्याहून कमी व्होल्ट येत होते, आता दोन्ही जवळपास सारखे आले. या परीक्षेत आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना कामाची.

पुन्हा स्कॅनर लावला. चारही चाकं एकत्र ३ पर्यंत उतरली. ताराराणी चौकातली टरटर त्या दिवसापासून बंद.

फोर बाय फोरच्या काही वेगळ्या गोष्टी

काही गाड्यांत फोर लो (फोर बाय फोरचा हळू, ताकदीचा गिअर) टाकलं किंवा डिफरन्शिअल लॉक केलं की एबीएस मुद्दाम बंद होतं आणि दिवा पेटतो. तो बिघाड नाही. मॅन्युअलमध्ये बघून खात्री करा, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

फोर बाय फोर लागल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, त्यामुळं चिखलात चारही चाकं एकदम घसरू शकतात. मग फक्त चाकांची तुलना करून मॉड्यूलला फसगत होते. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत एक जी सेन्सर असतो, गाडीचा वेग खरंच किती घटतोय ते सांगणारा, बहुधा मधल्या कन्सोलखाली. सीट-कन्सोल काढून काम झालं असेल आणि त्यानंतर दिवा आला असेल, तर तो नीट आडवा, बाणाच्या दिशेनं आणि घट्ट बसलाय का ते बघा.

टायर चारही एकाच मापाचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढं जाड खाचांचे नवे आणि मागं जुने, असं केलं की एबीएसच काय, ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद देणाऱ्या गिअरबॉक्सलाही) त्रास.

फ्यूज काढायचा सल्ला

उद्यमनगरात एका अनुभवी वायरमन मामांनी मला मनापासून सांगितलं होतं, "फ्यूज काढून टाका की. कशाला डोस्क्याला ताप? आमच्या वक्ताला कुठं होतं हे एबीएस?" त्यामागं थोडं तथ्यही आहे. सैल खडी आणि खोल चिखलात लॉक झालेलं चाक पुढं मातीचा ढीग लोटतं आणि लवकर थांबतं, एबीएस तिथं थांबायचं अंतर वाढवू शकतं. रानात मी ते स्वतः अनुभवलंय.

पण रानाबाहेर पंचावन्न किलोमीटरचा कोल्हापूर-गगनबावडा रस्ता आहे. ऊसतोडणीत ट्रॉल्यांनी रानातला चिखल डांबरावर आणून टाकलेला असतो, पावसाळ्यात गगनबावड्यापुढचा करूळ किंवा भुईबावडा घाट धुक्यात उतरायचा असतो. वळणात म्हैस आडवी आली आणि पुढची चाकं लॉक झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. एबीएस ते स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवतं. फ्यूज काढलेल्या गाडीत मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही.

तरीही दिवा राहिला तर

बॅटरीजवळचे एबीएसचे मोठे फ्यूज, तीस-चाळीस अँपिअरचे, नुसते बघून सोडू नका. मीटरनं दोन्ही टोकांना वीज आहे का बघा. मॉड्यूलची अर्थ वायर सोडवून, घासून, पुन्हा कसा. पंप चालू असताना त्या अर्थ आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. गार्ड किंवा कॅरिअर बसवायला चेसिसवर वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरी आणि मॉड्यूलचा कपलर दोन्ही सोडवा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मॉड्यूलमधले बारीक व्हॉल्व्ह गंजतात. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागं ढकलायचा असेल तर कॅलिपरवरचं ऑइल काढायचं निपल उघडून जुनं ऑइल बाहेर काढा, ते उलटं मॉड्यूलमध्ये रेटू नका. एवढं सगळं बरोबर असेल आणि कोड पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा येत असेल, तरच मॉड्यूलकडं वळा. ते बदलण्याआधीही सोल्डरचे जोड तपासून दुरुस्त करणारा कुणी भेटतो का बघा, जुन्या मॉड्यूलमध्ये ते जोड तडकतात.

दुरुस्तीनंतरची परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर नको. मी पहाटे आमच्या मोकळ्या माळावर, ओल्या गवतावर, ताशी ३० ला पूर्ण ब्रेक दाबला. पेडल पायाखाली जोरात थडथडलं, स्टिअरिंग फिरवलं तशी गाडी वळली, दिवा नाही.

२०२५ चा पावसाळा गाडीनं एकही दिवा न दाखवता काढला. आता शेवटचं एक राहिलंय. स्कॅनरवर मागचं डावं चाक अगदी शेवटी, ताशी तीन किलोमीटरच्या खाली, इतरांपेक्षा किंचित आधी शून्य होतं. अजून पेडल टरटरत नाही, पण तेही चाक पुरात होतं. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, तो ड्रम उघडणार आहे.